जाणत्यांचा नवा डाव

टेबलाभोवती बसून केवळ शब्द आणि फासे यांच्या आधारे खेळल्या जाणाऱ्या रोल-प्लेइंग गेममध्ये, म्हणजेच भूमिका-खेळात, पहिले वाक्य उच्चारले जाण्यापूर्वीची शांतता ही सर्वांत अवघड घटका असते. या खेळात एक जण सूत्रधार होऊन जगाचे वर्णन करतो, उरलेले चार-पाच जण एकेका पात्राच्या तोंडून बोलतात, आणि एखादी कृती साधेल की फसेल याविषयी शंका असेल तेथे फाशाचे दान निर्णय देते. नवख्या खेळाडूला मशालीच्या उजेडात ओले दिसणारे एक भुयार पुरेसे होते. ज्याने अशी शंभर भुयारे पालथी घातली आहेत, त्याला मात्र त्या ओल्या भिंतीमागे काय असेल याचा अंदाज वर्णन संपण्यापूर्वीच आलेला असतो.

हा खेळ मुळात जाणत्यांसाठीच मांडला गेला, हे सहसा लक्षात राहत नाही. अमेरिकेतील मिनियापोलिस–सेंट पॉल या जुळ्या शहरांत युद्धखेळ खेळणाऱ्यांचे एक मंडळ होते. नेपोलियनच्या काळातील लढाया शिशाच्या छोट्या सैनिकांनिशी टेबलावर पुन्हा लढण्यात त्या मंडळींचा हातखंडा होता. त्यांच्यापैकी डेव्हिड वेसली यांनी 1969 च्या सुमारास ‘ब्राउनस्टाइन’ या खेळात प्रत्येकाला सैन्याऐवजी एकेक व्यक्ती वाटून दिली, आणि त्याच वाटेने पुढे जात डेव्ह आर्नेसन यांनी 1971 च्या सुमारास ‘ब्लॅकमूर’ नावाची काल्पनिक भूमी व तिच्या किल्ल्याखालची तळघरे उभी केली. तोफखान्याचे पल्ले तोंडपाठ असलेल्या या माणसांना तेथे मोहरे सोडून अंधारात स्वतः उतरावे लागले, आणि त्यांचे जुने ज्ञान जवळजवळ निकामी ठरले. लेक जिनिव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्याने 1974 मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ ही तीन पुस्तिकांची पेटी पहिल्यांदा हजार प्रतींत निघाली, तेव्हा त्या अंधाराचे नियम छापील झाले. युद्धखेळाकडूनच या खेळाला ‘कॅम्पेन’ हा शब्द मिळाला. एका बैठकीचे परिणाम पुढच्या बैठकीत शिल्लक राहतात अशी दीर्घ खेळमाला, असा त्याचा अर्थ. मराठीतला ‘मोहीम’ हा शब्द त्याला नेमका बसतो, कारण दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघणाऱ्या फौजेप्रमाणे येथेही परत कोण येणार हे निघताना ठाऊक नसते.

छापील नियमांचा एक अपरिहार्य परिणाम असा की रहस्ये पाठ होतात. या खेळातील ट्रोल नावाच्या राक्षसाच्या जखमा आपोआप भरून येतात व केवळ आगीने वा आम्लाने त्या कायमच्या होतात, ही गोष्ट प्रथम कळणाऱ्याला कथेतल्या शापाचा उलगडा झाल्यासारखी वाटते. मुरलेला खेळाडू मात्र हिरवट त्वचेचा उल्लेख ऐकताच मशालीकडे हात नेतो. अशा वेळी खेळाडूने स्वतःला ठाऊक असलेले पात्राला ठाऊक नाही असे वागावे, असा संकेत आहे. तो सभ्य आहे, तरी त्यातून भय निर्माण होत नाही. अज्ञानाचा अभिनय आणि अज्ञान यांत रंगवलेल्या पाण्यात आणि नदीत असावे तितके अंतर राहते.

अडचण वाढवणे हा यावरचा जुना उपाय. गायगॅक्स यांनी 1975 मध्ये ‘ओरिजिन्स’ या खेळमेळाव्यासाठी सिद्ध केलेले आणि 1978 मध्ये प्रसिद्ध झालेले ‘टूम ऑफ हॉरर्स’ हे साहस अशाच कसलेल्या खेळाडूंचा कस पाहते. त्यातील हिरव्या दैत्यमुखाच्या उघड्या जबड्यात जे शिरते ते समूळ नाहीसे होते. स्पर्धेतल्या काही तासांसाठी ती रचना विलक्षण आहे. वर्षभर चालणाऱ्या मोहिमेचा पाया मात्र तिच्यावर घालता येत नाही, कारण प्रत्येक दगडाला काठीने ठोकून पुढे सरकणारा खेळाडू सावध होत जातो आणि सावधपणाच्या त्या कवचात कुतूहल हळूहळू कोमेजते.

अनुभवी खेळाडू टेबलाशी एकटा येत नाही, हेही ध्यानात घ्यावे लागते. त्याच्यासोबत त्याची जुनी पात्रे येतात: पुलावर एकटाच थांबलेला योद्धा, सोन्याच्या मोहापायी सोबत्यांना सोडून पळालेला चोर, ऐन विजयाच्या आदल्या बैठकीत मेलेली पुजारीण. ही सारी मंडळी नव्या डावाच्या कडेने बसून असतात आणि दरवेळी चोरच होणाऱ्या गड्याला पुन्हा त्याच वाटेने ओढतात. म्हणून मोहिमेपूर्वी एक ‘शून्य बैठक’ घेण्याची प्रथा पडली आहे. तीत खेळ होत नाही, पात्रे मात्र एकत्र बसून घडवली जातात आणि कोणते विषय टेबलावर मुळीच नकोत, कोणते पडद्याआड घडावेत, हे ठरते. रचनाकार रॉन एडवर्ड्स यांनी या दोन मर्यादांना रेघा आणि पडदे अशी नावे दिली, आणि ती टिकली.

परंतु शून्य बैठकीचे खरे बळ प्रश्नांत आहे. व्हिन्सेंट आणि मेगी बेकर यांच्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’ या 2010 मधील खेळात सूत्रधाराने कथानक आधी रचू नये, पात्रांना त्यांच्या जगाविषयी विचारत जावे, अशी रीत घालून दिली आहे. जाणत्यांची मोहीम सुरू करणाऱ्याला याहून उपयुक्त शिकवण मिळणे कठीण. समजा, सूत्रधार एखाद्या मुरलेल्या खेळाडूला विचारतो, “तुझा जादूगार या गावातल्या विहिरीचं पाणी का पीत नाही?” या प्रश्नाचे उत्तर कोणत्याही नियमपुस्तकात नाही, सूत्रधाराच्या टिपणवहीतही नाही. ज्याला सगळे राक्षस पाठ आहेत तो तेथे अडखळतो, शेजाऱ्याकडे पाहतो, मग हळूच म्हणतो की त्या विहिरीत त्याच्या भावाने जीव दिला. दुसरी खेळाडू उत्तरते की त्या भावाचे लग्न तिच्या पात्राशी ठरले होते. एवढ्यात गाव उभे राहते, आणि विहिरीच्या तळाशी काय आहे हे आता पाच जणांपैकी एकालाही ठाऊक नसते. ब्लॅकमूरच्या तळघरातला तो पहिला अंधार असा पुन्हा हाती येतो.

मग पहिले दृश्य लहानच असावे: पोहरा, दोर, आणि दोरावर खालून बसलेला हिसका. राज्ये बुडवणारे संकट पुढे कधीही येऊ शकेल. 1974 च्या नियमांत पहिल्या पायरीवरील जादूगाराचे जगणे सहा पैलूंच्या फाशाच्या एका दानावर मोजले जाई, आणि या ठिसूळपणातच पात्राविषयीची माया उपजत असे. आजचे नियम अधिक उदार आहेत. तरीही पात्राचे नाव, गुण आणि उरलेला जीव ज्या कागदावर नोंदवतात, ते कॅरेक्टर शीट, वीस-वीस वर्षे खेळलेली माणसेसुद्धा पेन्सिलीनेच भरतात.