जोडब्रेकमधली हवा

होंडाच्या एसटी १३०० या लांब पल्ल्याच्या मोटारसायकलवर हाताचा लिव्हर आणि पायाचे पेडल, दोन्हींनी दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. पुढच्या प्रत्येक कॅलिपरमध्ये तीन पिस्टन असतात. बाहेरचे दोन लिव्हरने हलतात, मधला पेडलने. डावा कॅलिपर मात्र जागच्या जागी घट्ट नसतो. पॅडनी डिस्क धरली की तो चाकाबरोबर किंचित ओढला जातो आणि त्याला जोडलेला छोटा दुय्यम मास्टर सिलिंडर दाबतो. हा दाब एका झडपेतून मागच्या कॅलिपरला मिळतो. १९७५च्या मोटो गुझी ८५० टी३ वर पेडलने मागचा ब्रेक आणि पुढची एक डिस्क चालत असे. तिथे ब्रेकच्या तेलात शिरलेली हवा काढायला फक्त एक कॅलिपर वाढला होता. इथे मात्र नळ्यांचे जाळेच आहे.

लिव्हरच्या बाजूचे काम सोपे. लिव्हर सावकाश दाबून धरायचा, कॅलिपरवरचे हवा काढायचे निपल पाव आटा सैल करून लगेच आवळायचा, मगच लिव्हर सोडायचा. टाकीतले ब्रेक ऑइल तळाला जाऊ द्यायचे नाही, आणि रंगावर थेंब पडला तर तत्काळ पाण्याने धुवायचा.

खरी कसोटी पेडलची. दुय्यम सिलिंडरलाही पेडलच्याच टाकीतून तेल मिळते. नळ्या लांब, वळणे अनेक, त्यामुळे निपलला लावलेल्या पारदर्शक नळीत बुडबुडे दिसेनासे झाले तरी पेडल स्पंजी लागू शकते. अशा वेळी डावा कॅलिपर उतरवून, अडकलेली हवा वर येईल असा तिरपा धरावा लागतो. निपलांचा क्रम मॉडेलनुसार बदलतो. अंदाजाने काम करण्यात अर्थ नाही, त्या गाडीचे सर्व्हिस मॅन्युअल समोर हवेच.

वर्षानुवर्षे न बदललेले तेल काढ्यासारखे गडद होऊन येते. ते हवेतले पाणी शोषते. नव्या डॉट ४ तेलाचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. पाणी मुरलेल्या तेलासाठी ही मर्यादा १५५ अंशांवर येते. सामान लादून घाट उतरताना हा फरक जिवावर बेतू शकतो. दुसरा धोका गाळाचा. दुय्यम सिलिंडरमधले बारीक छिद्र तुंबले की दाब परत सुटत नाही, मागचा ब्रेक चिकटून राहतो आणि डिस्क तापते. त्यामुळे दर दोन वर्षांनी सगळे तेल बदलणे हा खर्च टाळण्याजोगा नाही.

काम झाल्यावर गाडी मधल्या स्टँडवर घेऊन मागचे चाक हाताने फिरवावे आणि दुसऱ्या माणसाने डावा कॅलिपर पुढच्या चाकाच्या फिरण्याच्या दिशेने जोरात ढकलावा. मागचे चाक थांबले पाहिजे, आणि कॅलिपर सोडताच मोकळे झाले पाहिजे. ते मोकळे होत नसेल तर गाडी रस्त्यावर काढू नये. दुय्यम सिलिंडर खोलून साफ करावा किंवा नवा बसवावा.