ग्राउंडचा पाय

मदरबोर्डवरचा फुगलेला कपॅसिटर मी पूर्वी चष्म्याशिवाय हेरायचो. आता भिंग घेऊनही सोल्डरिंगचं टोक पायाच्या आजूबाजूला फिरतं. हात कापायला लागल्यापासून गिऱ्हाइकाला ‘दुरुस्त होईल’ म्हणण्याआधी मी थांबतो.

अडतं ते ग्राउंडच्या पायाशी. पॉझिटिव्हचा पाय लगेच सुटतो. ग्राउंडचा पाय बोर्डाच्या पोटातल्या तांब्याच्या पत्र्याला जोडलेला असतो आणि दिलेली सगळी उष्णता तो पत्रा पिऊन टाकतो. २००६ नंतरच्या बहुतेक बोर्डांना बिनशिशाचं सोल्डर. ते २१७ अंशांच्या पुढे वितळतं, जुनं शिशाचं १८३ ला. म्हणून मी वरून फ्लक्स आणि शिशाचं सोल्डर देतो. दोन्ही सोल्डरं एकजीव झाली की पाय ढिला पडतो. तेव्हाही ओढायचं नाही. ओढलं की भोकातलं तांब्याचं अस्तर पायाबरोबर बाहेर येतं आणि बोर्ड कामातून जातो. एकदा हा पाय तापवायचा, एकदा तो, कपॅसिटर जरासा डोलवायचा. तो आपणहून हातात आला पाहिजे. नेमका तेवढा वेळ हात स्थिर लागतो.

माझा भाचा अवसरीच्या तंत्रनिकेतनात शिकतो, सुट्टीला दुकानात बसतो. तो म्हणतो, “मामा, एवढ्या वेळात नवा बोर्ड बसवून होईल.” हिशेबाने त्याचं बरोबर आहे. मंचरच्या दुकानांतही हल्ली झाकण उघडायच्या आधी ‘बोर्ड गेला’ सांगतात. त्याचा मला राग येतो. सकाळी तीनदा बटण दाबावं लागतं आणि तापल्यावर दिवसभर चालतं, असं मशीन गेलेलं नसतं. त्याचे कपॅसिटर थकलेले असतात. मायक्रोफॅरडचा आकडा मीटरवर बरोबर येतो, पण ईएसआर, म्हणजे कपॅसिटरचा आतला रोध, वाढलेला असतो, आणि तो मोजायची तसदी कोणी घेत नाही. त्यात आमचा उसाचा पट्टा. थ्री फेज आली की पाण्याच्या मोटारी एकदम सुरू होतात, व्होल्टेज खाली येतं आणि थकलेला बोर्ड तिथेच मान टाकतो.

पण माझ्या रागात सगळा न्याय नाही. ‘मेलेला बोर्ड निरगुडसरला उठतो’ असं लोक माझ्या दुकानाबद्दल बोलतात, ते मला फार आवडतं. त्या बोलण्यासाठी मी दुरुस्तीकडे झुकतो, हे मला माहीत आहे.

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा आधार संपला. तिसऱ्या-चौथ्या पिढीचे आय-थ्री घेऊन लोक येतात. अकरा नंबरचं विंडोज इंटेलमध्ये आठव्या पिढीपासून पुढेच रीतसर चालतं. ज्या मशीनवर बँकेचे व्यवहार होतात, लोकांची आधार कार्डं स्कॅन होतात, ते बदला, असं मी सरळ सांगतो. तिथे माझ्या हाताचा अभिमान उपयोगाचा नाही.

लग्नपत्रिका करणाऱ्या एका गिऱ्हाइकाचं मशीन मात्र वेगळं. जी-३१ चिपसेटचा बोर्ड, विंडोज एक्सपी, पेजमेकर ७. पेजमेकरचं काम अडोबीने २००४ मध्येच थांबवलं. वर्षानुवर्षांच्या पत्रिका, गावजत्रेची पत्रकं, सगळं श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टांत. सॉफ्टवेअरचं लॉक मागे प्रिंटरच्या लांब पोर्टात बसतं, आणि तो पोर्ट नव्या बोर्डांवर सहसा सापडत नाही. त्या मशीनला इंटरनेट नाही, लागतही नाही. ते बदलायचं म्हणजे त्या माणसाचं सगळं काम पुन्हा टाइप करायचं. त्याचे कपॅसिटर काढायला मी भाच्याला बसवलं आहे. पुण्याच्या तपकीर गल्लीतून १०५ अंशांचे लो-ईएसआर आणलेत. साधे घातले तर पुन्हा फुगतात. ग्राउंडच्या पायाशी तो घाई करतो. मी ओरडतो, तो थांबतो. त्याचा हात चांगला आहे.

कोणाच्या माळ्यावर जी-३१ किंवा जी-४१ चा डबा पडून असेल तर भंगारवाल्याला देऊ नका. हार्ड डिस्क काढून घरात ठेवा आणि बाकीचा डबा मला आणून द्या. बोर्ड बंद असला तरी चालेल, फक्त मागचा लांब पोर्ट शाबूत हवा.