रिकामा रकाना

गेल्या मार्चातली गोष्ट. कॉलेजच्या कचेरीत आम्ही दोघे प्रवाससवलतीचे अर्ज भरीत बसलो होतो. 'कुटुंब' या रकान्यात मी झोकात बायकोचे नाव लिहिले. शेजारच्या प्राध्यापकांनी तो कोराच ठेवला.

"तुमचं बरं आहे बुवा, सडाफटिंग!" मी म्हणालो. ते नुसते हसले. गेली वीस वर्षे एका मित्राबरोबर त्यांचे बिऱ्हाड आहे, हे मला ठाऊक होते.

रात्री इस्रायलमधला एक खटला आठवला. 'एल अल' विमान कंपनी नोकरांच्या जोडीदारांना तिकीट देई. लग्नावाचून एकत्र राहणाऱ्या स्त्री-पुरुषांनाही देई. जोनाथन दानिलोविच या विमानसेवकाचा जोडीदार पुरुष, म्हणून त्याला नकार! १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने त्याच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती अहरोन बराक यांनी विचारले त्याचा आशय असा, की सोबती पुरुष असला म्हणजे पुरुषाला त्याची ताटातूट कमी सलते काय?

पूर्वीची माणसे बायकोलाच 'आमचं कुटुंब' म्हणत, हे मी वर्गात हसतहसत सांगतो. एका माणसात अख्खे कुटुंब मावते, हे भाषेला केव्हाच कळले होते. मलाच कळले नव्हते.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी म्हणालो, "रविवारी आमच्याकडे जेवायला या. दोघेही."

कप हातातच ठेवून त्यांनी माझ्याकडे पाहिले.

"दोघेही?"

"दोघेही."