एक फरारी हवा आहे!

प्रेमात पडायला चांदणं लागतं, नदीकाठ लागतो, निदान एखादी बाग तरी लागते, असं आपल्या कवींनी सांगून ठेवलं आहे. माझं मत जरा निराळं आहे. दोन माणसांना जवळ आणायचं असेल तर चांदण्यापेक्षा एखादा फरारी गुन्हेगार अधिक उपयोगी पडतो!

पोलिसी चित्रपटांच्या शौकिनांना हे पटायला वेळ लागणार नाही. तो उतावळा, ती शिस्तीची. साहेब दोघांना एका मोटारीत बसवतात आणि सांगतात, "त्याला पकडून आणा." पहिला अर्धा तास ती दोघं एकमेकांचं तोंड पाहायला तयार नसतात, शेवटच्या अर्ध्या तासात एकमेकांसाठी गोळी झेलायला सिद्ध! १९९३ साली सुरू झालेल्या 'एक्स-फाइल्स' या अमेरिकन मालिकेत तर डॉक्टर झालेल्या स्कलीबाईंना वरिष्ठांनी धाडलं ते मल्डरसाहेबांच्या अचाट कल्पनांना वेसण घालायला. पुढं काय झालं ते प्रेक्षकांना ठाऊकच आहे.

पण या साऱ्यांत माझी लाडकी जोडी जुनी आहे. अगाथा ख्रिस्तीबाईंची टॉमी आणि टपेन्स. १९२२ सालच्या 'द सीक्रेट अ‍ॅडव्हर्सरी' या कादंबरीत ती प्रथम भेटतात. पहिलं महायुद्ध नुकतंच संपलेलं, दोघांचे खिसे रिकामे, नोकरीचा पत्ता नाही. आपल्या बाबूराव अर्नाळकरांच्या झुंजार-विजयासारखा थाट इथं नाही. इथं चहाच्या बिलाचीच पंचाईत! टॉमी सावकाश विचार करणारा, पण एकदा धरलं की न सोडणारा. टपेन्स म्हणजे वीज. आधी उडी, मग खोली किती त्याची चौकशी. सरकारी गुप्तहेर खात्यासाठी ही दोघं एका 'मिस्टर ब्राऊन'च्या मागं लागतात. या गृहस्थाचा खरा चेहरा कोणालाच ठाऊक नाही. मधे एक श्रीमंत अमेरिकन टपेन्सला मागणी घालतो, पण ती पुस्तकाच्या शेवटी होते टॉमीचीच.

का बरं? मला वाटतं, पाठलागाची एक जादू असते. बैठकीच्या खोलीत जो दोष वाटतो, तो वाटेवर गुण ठरतो. तिच्या घाईमुळं माग सापडतो, त्याच्या संथपणामुळं तो हातचा सुटत नाही. स्वभाव तेच राहतात, पण त्यांना काम मिळतं. आणि आपल्या उणिवेला पुरून उरणारं माणूस शेजारी आहे, हे कळण्याचंच नाव प्रेम, असं म्हटलं तर फारसं चुकणार नाही.

आमच्या घरीही एक फरारी होता. त्याचं नाव 'स्वतःची जागा'. लग्नानंतर चौदा वर्षं आम्ही त्याच्या मागावर होतो. हिला कुठून तरी कुणकुण लागायची की ठाण्याला एक इमारत होते आहे. लगेच पदर खोचून स्वारी निघाली! मी मागून कागदपत्रं घेऊन. एका ठिकाणी सगळं ठरत आलं होतं, तोच माझ्या लक्षात आलं की जमीन एकाच्या नावावर आणि सही दुसऱ्याचीच! त्या रात्री ही म्हणाली, "तुम्ही चिकट आहात म्हणून वाचलो हो!" असं प्रशस्तिपत्र मला कचेरीतही कधी मिळालं नाही.

पुढं जागा मिळाली. मुलांची शिक्षणं झाली, लग्नं झाली, ती आपापल्या गावी गेली. सगळे फरारी एकेक करून पकडले गेले. आणि मग आमच्या ध्यानात आलं की घरात फार शांतता आहे. मी चहा सावकाश पितो याचा तिला राग येऊ लागला. ती माझं वाक्य पुरं होण्याआधी उत्तर देते, याचा मला. तेच दोन स्वभाव, पण आता बेकार! चांगली चाळीस वर्षं एकत्र काढलेली दोन माणसं जेवताना फक्त "मीठ द्या" एवढंच बोलतात, ही गोष्ट भांडणापेक्षा वाईट.

ख्रिस्तीबाईंना हे दुखणं नेमकं कळलं होतं. १९२९ सालच्या 'पार्टनर्स इन क्राइम'च्या आरंभीच लग्नाला सहा वर्षं झालेली टपेन्स सुखाला कंटाळलेली आहे; तेव्हा तिला गुप्तहेर कचेरी चालवायला मिळते. १९४१ सालच्या 'एन ऑर एम?'मध्ये मुलं मोठी झालेली, आईबाप निकामी ठरलेले. टॉमीला एकट्यालाच गुप्त कामगिरी मिळते. तो समुद्रकाठच्या खाणावळीत पोचतो, तर तिथं लोकरीचं विणकाम घेऊन सौभाग्यवती खोट्या नावानं आधीच हजर! पॉयरोचं वय जिथल्या तिथं राहिलं. ही जोडी मात्र वाचकांबरोबर म्हातारी होत गेली. बाईंनी लिहिलेली अखेरची कादंबरी १९७३ची, आणि तीही यांचीच. निवृत्त झालेली ही दोघं जुनं घर घेतात, तर तिथल्या एका जुन्या पुस्तकात अक्षरांखाली खुणा केलेल्या. झालं! म्हातारा-म्हातारी पुन्हा मोहिमेवर!

गेल्या श्रावणात हिला शाळेतल्या एका मैत्रिणीची आठवण झाली. चाळीस-एक वर्षांत पत्ता नाही. गिरगावातल्या तिच्या चाळीच्या जागी आता उंच मनोरा उभा आहे. ही लगेच निघाली. तिथल्या जुन्या वाण्याला गाठलं, शेजाऱ्यांची नावं मिळवली. मी घरी बसून वही घातली आहे. नाव, गाव, कोणी काय सांगितलं, तारखेनिशी. रात्री जेवताना आम्ही पुरावे तपासतो. परवा तर आमटी निवून गेली!

मैत्रीण सापडावी, अशी आम्हां दोघांचीही मनापासून इच्छा आहे. फक्त, फार लवकर सापडू नये.