शून्याच्या खाली

बी.कॉम. होऊन बँकेत चिकटलेल्या माणसाला दोन गोष्टींतून सुटका नसते. एक खजिनदारपद आणि दुसरी खरेदी समिती. हा दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजतोच, संध्याकाळी आपले थोडे फुकट मोजले तर याचं काय जातं, अशी गल्लीची प्रामाणिक समजूत असते. त्यामुळे आमच्या नांदेडच्या भजनी मंडळाने डिजिटल मिक्सर घ्यायचं ठरवलं तेव्हा समितीत माझं नाव माझ्या गैरहजेरीतच पडलं. घरी येऊन ही बातमी सांगितली, तर सौ. म्हणाली, "मंडळाला कशाला मिक्सर? आपल्याच मिक्सरचं भांडं फुटून तीन वर्षं झाली."

हा मिक्सर वेगळा. दहा माईकांतून आलेले दहा आवाज एकत्र करायचे आणि कुणाचा किती ठेवायचा ते ठरवायचं, हे त्याचं काम. एकत्र कुटुंबात हे काम आजी करीत असे आणि तिला वीज लागत नसे.

मंडळाला ही चैन सुचली ती नानांमुळे. नानांचं वय अठ्ठ्याहत्तर. मंडळाचे मुख्य गायक. गेल्या वर्षीच्या आजारपणातून नाना उठले, पण आवाज निम्माच उठला. पखवाज आणि टाळांच्या आठ जोड्यांपुढे नाना गाताना नुसते दिसत. एका एकादशीला मागून कुणीतरी ओरडलं, "नानांचा माईक बंद हाय का?" माईक चालू होता. नानांनी ते ऐकलं, आणि पुढच्या एकादशीला ते टाळ घेऊन शेवटच्या रांगेत जाऊन बसले. ठरावात आम्ही 'ध्वनियंत्रणेचे आधुनिकीकरण' असं लिहिलं. मागच्या रांगेतला माणूस पुढे आणण्यासाठी, असं इतिवृत्तात लिहिता येत नाही.

जुन्या अ‍ॅम्प्लिफायरवर नानांचा माईक वाढवला की शिट्टी सुरू. स्पीकरमधला आवाज परत माईकमध्ये शिरतो, मोठा होऊन बाहेर पडतो, पुन्हा शिरतो. गल्लीतल्या बातमीचं होतं तसंच.

सल्ला घ्यायला मी लातूरच्या मेहुण्याला फोन केला. तो एका खोलीत स्टुडिओ चालवतो. लातूर पॅटर्नच्या गावात स्टुडिओला गायकांपेक्षा सर जास्त लागतात. सकाळी केमिस्ट्रीचे तास रेकॉर्ड होतात, दुपारी भक्तिगीतं. मेहुणा म्हणाला, "दाजी, निम्मे पैसे मी घालतो. एकादशा तुमच्या, उरलेले दिवस माझे." म्हणजे संयुक्त खातं. बँकेत वीस वर्षं काढलेल्या माणसाने जे कधी उघडू नये ते.

शिवाय आमच्या गरजा वेगळ्या. स्टुडिओत माईक एक आणि वेळ भरपूर. प्रत्येक आवाज वेगळा वेगळा संगणकात उतरला पाहिजे, म्हणजे चुकलं तर तेवढंच पुन्हा. मंडपात माईक दहा आणि पुन्हा काहीच नाही. मी कागदावर हिशेब मांडला : पखवाजाची तोंडं दोन म्हणून माईक दोन, पेटी एक, वीणा एक, गायक चार, टाळांना एक, निवेदकाला एक. झाले दहा. तेव्हा सोळा घ्यावेत, कारण मंडळ वाढलं नाही तरी निवेदक वाढतात. आणि माईक किती जोडता येतात एवढंच पाहून भागत नाही, बाहेर किती वाटा निघतात तेही पाहावं लागतं. प्रत्येक गायकाला आपल्यापुढच्या स्पीकरात मुख्यतः स्वतःच ऐकू यायचं असतं, आणि त्यासाठी प्रत्येकाला वेगळी वाट द्यावी लागते.

दुकानात दोन जातींचे मिक्सर दिसले. एक नुसता डबा, त्याला एकही सरकपट्टी नाही, सगळं टॅबलेटवरून चालवायचं. स्वस्त, आणि काखेत मावणारा. दुसरा टेबलाएवढा, सरकपट्ट्यांचा. समितीतल्या तरुणांना डबा पसंत पडला. मी विरोध नोंदवला. मंडपात चारशे माणसं म्हणजे चारशे मोबाईल. त्या गर्दीत टॅबलेटचा वायफाय तुटला आणि नेमकी तेव्हाच शिट्टी सुरू झाली, तर हात घालायचा कुठे? डबाच घ्यायचा तर राउटर वेगळा आणि चांगला घ्यावा, असं मेहुण्याचंही मत पडलं. राउटरची किंमत मिळवल्यावर तरुण गप्प झाले आणि सरकपट्ट्या आल्या.

या सरकपट्ट्यांना आत मोटर असते. एका कार्यक्रमाची सगळी मांडणी साठवून ठेवायची, त्याला 'सीन' म्हणतात. तो सीन परत बोलावला की पट्ट्या आपोआप सरसर आपापल्या जागी जातात. पहिल्यांदा त्या सरकल्या तेव्हा आमच्या पखवाजवाल्या काकांनी चप्पल काढून नमस्कार केला. वास्तविक हे काही आजचं नाही. यामाहाने मोटरच्या पट्ट्यांचा आठ चॅनेलचा डिजिटल मिक्सर, डीएमपी७, १९८७ सालीच काढला होता. मी तेव्हा पाढे पाठ करीत होतो.

हे यंत्र आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजतं. आणि त्याच्या मीटरवर शून्य असतं सगळ्यात वर! सगळे आवाज उणे. उणे अठरा, उणे बारा, उणे सहा. शून्याला टेकलात की आवाज फाटलाच. जुनं यंत्र लाल दिव्याने आधी थोडं कुरकुरायचं, इथे तसली भीड नाही. सभासद या शून्याला फार घाबरले. मला काहीच वाटलं नाही. महिन्याच्या पंचवीस तारखेनंतर माझंही मीटर तिकडेच असतं.

एकादशी झाली की मिक्सर घेऊन मी एस.टी.ने लातूरला. लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर. कंडक्टरने खोक्यावर टिचकी मारून विचारलं, "काय हाय ह्यात?"

"मिक्सर."

"एवढा? पंगत बसवायलाव का?"

संयुक्त खात्याचा हिसका दुसऱ्याच एकादशीला बसला. मेहुण्याने आमच्या 'एकादशी' सीनवर केमिस्ट्रीच्या सरांचा सीन साठवला होता. मी सीन बोलावला आणि नऊ पट्ट्या तळाला गेल्या. दहावी वर आली. तो निवेदकाचा माईक. निवेदकाला यात काही वावगं वाटलं नाही. तेव्हापासून आमचे सीन पेन ड्राइव्हवर असतात आणि पेन ड्राइव्ह माझ्या जानव्याला.

नानांना परत पुढे बसवायला तीन माणसं लागली. तंत्र तसं सोपं होतं. त्यांचा आवाज आम्ही फारसा वाढवलाच नाही. शिट्टी ज्या सुरावर यायची तेवढाच सूर त्यांच्या माईकमधून कापला. शंभर हर्ट्झच्या खालची घरघर काढून टाकली. मग टाळ आणि पखवाज हळूहळू, कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही असे, खाली आणले. पखवाजवाल्या काकांना हे शनिवारपर्यंत कळलं नाही. नानांच्या पुढ्यातल्या स्पीकरात मात्र नुसते नाना. पहिल्या अभंगाला ते दोनदा थांबले, स्पीकरकडे पाहिलं आणि पुन्हा गायला लागले. मागून कुणी काही ओरडलं नाही. दहाला बंद करायचं होतं, कारण २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही. दहाला पाच कमी असताना नाना भैरवीला आले आणि घड्याळाकडे बघायची जबाबदारी अर्थातच खजिनदारावर आली.

सगळं सामान आवरल्यावर नानांच्या आक्का मिक्सरजवळ आल्या. "ह्यात समदं रेकॉर्ड झालंय म्हणं?" मी त्यांना हेडफोन लावून दिले आणि नानांच्या चॅनेलचं 'सोलो' दाबलं. बाकीचे नऊ माईक गप्प. आक्का डोळे मिटून ऐकत राहिल्या. हेडफोन लावलेल्या माणसाला आपण किती मोठ्याने बोलतोय ते कळत नाही. त्या मंडपभर ऐकू जाईल अशा आवाजात नानांना म्हणाल्या,

"अहो, तिसऱ्या चरणाला दम लागायलाय की! रात्रीची गोळी घेतली नव्हती ना?"