मताची व्यंजना

काव्यशास्त्राच्या तासाला शब्दशक्ती शिकवताना आम्ही गेली पंधरा-वीस वर्षे तीच ती उदाहरणे देत आलो आहोत. गंगेवरची गवळ्यांची वस्ती लक्षणेसाठी आणि मावळलेला सूर्य व्यंजनेसाठी. ‘सूर्य मावळला’ एवढेच कुणी म्हणावे आणि गुराख्याने त्यातून गुरे वळवण्याची वेळ ओळखावी, चोराने बाहेर पडण्याची, भाविकाने संध्येची. शब्द एकच, अर्थ ऐकणाऱ्यागणिक निराळा. हे उदाहरण निवडणुकीच्या संदर्भात आमच्या मनात यावे याला कारण झाली आमची एक माजी विद्यार्थिनी. मराठी घेऊन बी. ए. झालेली ही मुलगी लग्नानंतर फ्रान्समध्ये तुलूझ शहरी स्थायिक झाली, पुढे तिने तिथले नागरिकत्व घेतले आणि २०२२ मध्ये आयुष्यात प्रथमच तिथल्या अध्यक्षपदासाठी मत दिले. पहिल्या फेरीत आवडीने, दुसऱ्या फेरीत नाइलाजाने. त्या दुसऱ्या मतावर तिने आम्हांला लिहिलेले पत्र चांगले लांबलचक होते.

या नाइलाजाला तिथे इतिहास आहे. २१ एप्रिल २००२ रोजी झालेल्या पहिल्या फेरीत सोळा उमेदवार होते आणि त्यांत डाव्या छटांचीच गर्दी होती. दोन ट्रॉट्स्कीवाद्यांनी मिळून दहा टक्क्यांच्या आसपास मते घेतली. समाजवादी पंतप्रधान लिओनेल जोस्पाँ सुमारे १ लाख ९५ हजार मतांनी तिसऱ्या क्रमांकावर गेले आणि अतिउजवे ज्याँ-मारी ल पेन अंतिम फेरीत पोचले. मग दोन आठवडे डाव्या मतदाराला जे करावे लागले ते आठवण्यासारखे आहे. जाक शिराक हे उजवे. पॅरिसच्या महापौरपदाच्या काळातील गैरव्यवहाराच्या आरोपांनी घेरलेले (त्या प्रकरणात २०११ मध्ये त्यांना स्थगित शिक्षाही झाली). त्यांनाच मत द्यायचे! लबाडाला मत द्या, फॅसिस्टाला नको, अशा अर्थाची घोषणा मोर्च्यांतून फिरली. नाकाला चिमटा लावून, हातात मोजे घालून मतदानाला जावे अशी टूम निघाली, तेव्हा असे करू नका, मतदानाची गुप्तता भंगते, असे बजावण्यात आले. ५ मे रोजी शिराक यांना ८२.२१ टक्के मते पडली.

आता या ८२ टक्क्यांचा अर्थ काय? चिमटा मोजला गेला नव्हता. पहिल्या फेरीत वीस टक्केही न मिळवलेल्या माणसाने बहुपक्षीय सरकार नेमावे, अशी एक अपेक्षा होती. शिराक यांनी उजव्यांचेच सरकार नेमले आणि २००३ मध्ये त्या सरकारने सरकारी नोकरांच्या निवृत्तिवेतनासाठी लागणारी सेवेची वर्षे साडेसदतीसवरून चाळीसवर नेली. अर्थात त्याच वर्षी इराक युद्धाला त्यांनी ठाम विरोध केला आणि चिमटेवाल्यांपैकी अनेकांना आपल्या मताचे चीज झाल्यासारखे वाटले असणार. राजकारणात हिशेब इतका सरळ नसतो.

आमच्या विद्यार्थिनीच्या पत्रातला आम्हांला सर्वांत भावलेला भाग मात्र तात्त्विक नव्हता. तिने मतदानाची रीत वर्णन केली होती. आपल्याकडे यंत्राचे बटण दाबायचे; तिथे टेबलावर प्रत्येक उमेदवाराच्या नावाची वेगळी चिठ्ठी ठेवलेली असते. दोन्ही नावांच्या चिठ्ठ्या उचलायच्या, पडद्याआड जायचे, एक पाकिटात घालायची, ते पाकीट पारदर्शक पेटीत टाकायचे. मग अधिकारी मोठ्याने ‘मत दिले’ असे पुकारतो. चिठ्ठीवर काहीही लिहिले की ती बाद. ‘बाई, मला फक्त एक ओळ लिहायची होती,’ असे तिने लिहिले होते. ‘हे मत तुमच्यासाठी नाही, एवढीच.’ तशी ओळ लिहिणारे असतातच. त्यांच्या बाद चिठ्ठ्या केंद्राच्या इतिवृत्ताला जोडून ठेवल्या जातात. कोण वाचत असेल त्या? एखाद्या संशोधकाने त्या चिठ्ठ्यांवर प्रबंध लिहावा.

२०२२ ची ती अंतिम फेरी एमान्युएल मॅक्राँ आणि मारीन ल पेन यांच्यातली. दोघे समोरासमोर येण्याची ही दुसरी खेप. २०१७ मध्ये मॅक्राँ यांना ६६ टक्के मिळाले होते, परंतु चाळीस लाखांहून अधिक मतदारांनी कोरी किंवा बाद मते दिली होती. मधल्या पाच वर्षांत संपत्तिकर जवळजवळ रद्द झाला, पिवळ्या जाकिटांचे आंदोलन पेटले. त्यामुळे २०२२ मध्ये डाव्या ज्याँ-ल्यूक मेलाँशाँ यांच्या मागे बरेच लोक गेले; जवळजवळ बावीस टक्के मते घेऊनही ते सव्वाचार लाखांच्या आतबाहेर फरकाने तिसरे आले. ल पेनबाईंना एकही मत देऊ नका, असे त्यांनी त्या रात्री पुनःपुन्हा सांगितले. मॅक्राँ यांना द्या, असे मात्र सांगितले नाही. त्यांच्या पक्षाने समर्थकांचा कौल घेतला, त्यात सुमारे ३८ टक्के कोऱ्या मताच्या बाजूने, ३३ टक्के मॅक्राँ यांच्या आणि २९ टक्के घरी बसण्याच्या बाजूने निघाले. द्विधा मनःस्थिती म्हणावी तर इथे मनाचे तीन तुकडे होते.

ही फूट त्या मुलीच्या स्वयंपाकघरातही होती. तिने मॅक्राँ यांना मत दिले, तिच्या फ्रेंच नवऱ्याने रिकामे पाकीट टाकले. तो सरकारी रुग्णालयात परिचारक आहे. साथीच्या काळात त्याने जे पाहिले त्यानंतर त्या नावाची चिठ्ठी त्याच्या हाताला उचलवेना. नोकऱ्या आणि घरे यांत फ्रेंच नागरिकांना अग्रक्रम, सार्वजनिक ठिकाणी हिजाबाला बंदी, असा ल पेन यांचा कार्यक्रम होता. आपण नागरिक असूनही हे सारे आपल्याबद्दलच चालले आहे असे तिला वाटत राहिले. ‘त्याचे आजी-आजोबा इथल्या मातीत आहेत, त्याला कोरे पाकीट परवडते,’ हे तिचे वाक्य. नवऱ्याला ते लागले. लागणारच.

आम्ही दोघांनीही ते पत्र वाचले, आणि आमच्यातही एकमत झाले नाही. आमच्यापैकी एकाला ते रिकामे पाकीट प्रामाणिक वाटते. दुसरीला वाटते की ज्याचे नुकसान दुसऱ्याने सोसायचे असते तो प्रामाणिकपणा थोडा स्वस्त असतो. कोरी मते तिथे २०१४ च्या कायद्यापासून वेगळी मोजली जातात, टक्केवारीत मात्र धरली जात नाहीत. आपल्याकडे २०१३ पासून ‘नोटा’ आहे आणि २०१९ च्या विधानसभेला लातूर ग्रामीणमध्ये तो दुसऱ्या क्रमांकावर आला. त्या २७ हजारांवर मतांचा अर्थ ज्याने त्याने आपापला लावला. म्हणजे नकारही नीट वाचला जातो असे नाही. मावळलेल्या सूर्याच्या उदाहरणात बोलणाऱ्याच्या मनात काय होते हे निदान विचारता तरी येते. गुप्त मतदानात बोलणाराच पडद्याआड असतो.

२४ एप्रिल २०२२ च्या रात्री विजयाच्या भाषणात मॅक्राँ यांनी हे मान्य केले. अनेकांनी आपल्या विचारांसाठी नव्हे, तर अतिउजव्यांना रोखण्यासाठी मत दिले, आणि या मताने आपल्याला बांधून घेतले आहे, असे ते म्हणाले. असा दिलासा २००२ मध्ये शिराक यांच्या मतदारालाही मिळाला होता. पुढे मार्च २०२३ मध्ये निवृत्तीचे वय ६२ वरून ६४ करणारा कायदा त्यांच्या सरकारने घटनेच्या ४९व्या कलमातील तरतूद वापरून संसदेत अंतिम मतदान न घेता पुढे रेटला. त्यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की वय वाढवण्याची गोष्ट जाहीरनाम्यात होती. उलट तिथे ६५ लिहिले होते. जाहीरनामा वाचून मत दिले असेल तर तक्रार कसली, हा युक्तिवाद वकिली आहे, पण खोटा नाही. ज्या मताला जाहीरनाम्याशी कर्तव्यच नव्हते, त्या मताच्या खात्यावर तो जाहीरनामा मांडला गेला, एवढेच आमचे म्हणणे.

त्या महिन्यात नवरा-बायको एकाच मोर्च्यात चालले. तिने पुठ्ठ्यावर फ्रेंचमध्ये लिहिले होते, की मी तुम्हांला मत दिले आहे आणि म्हणून मी इथे आले आहे. पडद्याआड जी ओळ लिहायची नव्हती ती रस्त्यावर लिहायला कुणाची हरकत नव्हती. नवऱ्याच्या हातात फलक नव्हता. त्याला चिडवण्याची संधी तिने सोडली नाही. कायदा झालाच. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याला स्थगिती देण्याची घोषणा झाली, तेव्हा तिचा फोन आला, पण त्यात आनंदापेक्षा थकवा अधिक होता. २०२७ मध्ये अध्यक्षपदाची पुढची निवडणूक आहे. मॅक्राँ यांना सलग तिसऱ्यांदा उभे राहता येत नाही. डाव्यांचे किती उमेदवार होतील ते अद्याप कुणाला सांगता येत नाही. दुसऱ्या फेरीत पुन्हा तसाच प्रसंग आला तर काय करणार, असे आम्ही तिला विचारले. ती म्हणाली, ‘सर, मी जाईन. यांचे अजून ठरलेले नाही.’