मायचे दीड हजार

निवडणूक जवळ आली की आपल्यातल्या शिकलेल्या पोरांना एक जुनाच रोग जडतो. आपल्याच वस्तीला शिव्या घालायचा. समाज विकला गेला, बाटलीला मत गेलं, साडीला मत गेलं. आता त्यात दीड हजाराची भर पडली आहे. मला या बोलण्याचा राग येतो. का येतो ते सरळच सांगतो.

२० नोव्हेंबर २०२४ ला विधानसभेचं मतदान झालं. त्याआधी जुलैपासून लाडकी बहीण योजना सुरू झाली होती. महिन्याला १५०० रुपये. प्रचारात महायुती म्हणाली २१०० करू, आघाडी म्हणाली ३००० देऊ. बोली दोघांनीही लावली. २८८ पैकी २३० जागा महायुतीच्या तिन्ही पक्षांना मिळाल्या. निकालानंतर आमच्या विहारात बैठक बसली. एक कार्यकर्ता तावातावानं बोलला, "आपल्या मायबहिणींनी दीड हजारात बाबासाहेब विकले."

माझी माय दाराशी बसलेली. दुसऱ्याच्या रानात दिवसभर खुरपून आलेली. बसल्या जागीच म्हणाली, "लेकरा, बाबासायेब इकनारी म्या कोण रं? पैसे घेतले. गुडघ्याच्या गोळ्या आणल्या, दुकानदाराची उधारी फेडली. मत कुणाला दिलं ते माझं मला ठावं. हिशेबच मागायचा तर देणाऱ्याला माग. त्यानं कुठून आणले?"

तेव्हा कुणाला काही सांगता आलं नाही. उत्तर मे २०२५ मध्ये पेपरात आलं. सामाजिक न्याय खात्याचे ४१० कोटी ३० लाख आणि आदिवासी विकास खात्याचे ३३५ कोटी ७० लाख रुपये या योजनेकडे गेले होते. खुद्द सामाजिक न्याय मंत्री संजय शिरसाट यांनी जाहीर नाराजी दाखवली. सरकारचा खुलासा असा, की निधी कुठं पळवलेला नाही. अनुसूचित जातीच्या बहिणींना अनुसूचित जातीच्या निधीतूनच पैसे दिले.

दोस्तांनो, हा खुलासा नीट वाचा. आरोपापेक्षा तोच जास्त बोलतो. बहिणी सारख्या, रक्कम सारखी, पोस्टरही सारखं. पण पाटलाच्या वाड्यातल्या बहिणीचे पैसे राज्याच्या मोठ्या तिजोरीतून, आणि माझ्या मायचे पैसे तिच्याच लेकराच्या ताटातून. पाणवठा वेगळा होता, तशी आता तिजोरी वेगळी.

हा निधी कुणाची मेहेरबानी नाही. पूर्वी त्याला विशेष घटक योजना म्हणत, आता अनुसूचित जाती उपयोजना म्हणतात. राज्याच्या एरवीच्या खर्चातला वाटा आपल्या वस्तीपर्यंत पोचत नाही, म्हणून लोकसंख्येच्या प्रमाणात तो वेगळा काढायचा, असं त्याचं तत्त्व. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जाती ११.८ टक्के आहेत. वेगळं काढलेलं हे ताट आपल्या पोरांच्या वसतिगृहांसाठी, शिक्षणासाठी, वस्तीसाठी. एरवीच्या योजनेत आपला हक्क आहेच. तो या ताटातून वळता करायचा नसतो.

आता साधं गणित. वसतिगृहात जागा न मिळालेल्या पोराला मुंबई-पुण्यासारख्या शहरात स्वाधार योजनेनं वर्षाला ६० हजार रुपये धरलेत. ४१० कोटींना ६० हजारांनी भागा. ६८ हजारांवर पोरांचं एक वर्ष निघतं. माझा धाकटा भाऊ पुण्यात एका खोलीत पाचजणांबरोबर राहतो. रात्री वॉचमनकी करतो, दिवसा वर्गात पेंगतो. मायला दीड हजार मिळतात, त्यातले पाचशे ती त्यालाच धाडते. म्हणजे पैसा फिरून तिथंच आला, पण उपकाराचा शिक्का मारून आला.

कुणी म्हणेल, हे एकाच पक्षाचं पाप. तसंही नाही. आपला निधी आपल्यावरच खर्च व्हावा म्हणून कर्नाटकात २०१३ साली कायदा झाला. तरी २०२३-२४ साली तिथल्या काँग्रेस सरकारनं त्यातले ११ हजार कोटी गॅरंटी योजनांना लावले. झेंडा कुठलाही असो, हात आपल्याच खिशात.

आणि आपले आमदार? विधानसभेत २९ जागा अनुसूचित जातींना राखीव. पण १९३२ च्या पुणे करारानं उमेदवार आपला ठेवला आणि त्याला निवडणारा मतदार सगळ्यांचा केला. तिकीट पक्षाचं, बहुतेक मतं दुसऱ्यांची. मग हा माणूस आपल्या निधीसाठी सभागृहात कशाला भांडेल? त्याला भांडायला लावणं, हे आपलं काम.

म्हणून पुढची निवडणूक येण्याआधी मायबहिणींना लाज शिकवू नका. हक्काचा पैसा घेणारी बाई विकाऊ नसते. माहितीच्या अधिकारात अर्ज करा, दहा रुपये लागतात. आपल्या जिल्ह्यात उपयोजनेचा पैसा किती मंजूर झाला, किती खर्च झाला, किती दुसरीकडे गेला, एवढे तीनच प्रश्न विचारा. उत्तर आलं की विहारात मोठ्यानं वाचा, बायांना पुढं बसवून. मत मागायला येणाऱ्या प्रत्येकाला तो कागद दाखवा, मग त्याच्या गळ्यात निळा पंचा असो की भगवा की तिरंगी. तो कागद बघून कोण बसतो आणि कोण काढता पाय घेतो, ते वस्तीला दिसू द्या. मत कुणाला द्यायचं ते मग वस्तीच ठरवील.

जय भीम.